वेताळ टेकडी : एका ‘ओसाड’ भूमीचा इतिहास



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी एखाद्या ग्रंथाविषयी अथवा ग्रंथकाराविषयी बोलावे, असा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र एक टेकडी आहे. पुणे शहराच्या पश्चिम भागात, चारही बाजूंनी वस्तीने वेढलेली जी वेताळ टेकडी उभी आहे, तिच्या भूमीची कहाणी येथे सांगावयाची आहे. ग्रंथालयाशी या विषयाचा संबंध काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो शब्दांमुळे आहे. एखाद्या जमिनीला लोक आणि सरकार कोणता शब्द लावतात, यावर त्या जमिनीचे पुढे काय होणार हे पुष्कळ वेळा ठरते. वेताळ टेकडीच्या इतिहासात असा एक शब्द वारंवार भेटतो. तो शब्द म्हणजे ‘ओसाड’.

दमणगंगेच्या काठी अथालसारख्या गावी राहणाऱ्या मराठी वाचकाला पुण्याची टेकडी दूरची वाटेल. पण हा मुलूख आणि पुणे यांचे नाते जुने आहे. १७७९ मध्ये पेशव्यांच्या दरबाराने पोर्तुगिजांशी केलेल्या तहामुळे पुढे, १७८३ मध्ये, नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली. आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्यात राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी पुण्याशी निगडित माणसे होती. त्याहूनही जुने नाते खडकाचे आहे. दमणगंगा सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला उतरते. त्याच सह्याद्रीच्या पूर्वेला पुणे आहे. दोन्हीकडे पायाखालचा कातळ एकच, काळा बेसॉल्ट. फरक आहे तो पावसाचा. पश्चिमेकडून येणारे ढग घाटमाथ्यावर रिते होतात. त्यामुळे पुण्याला वर्षाकाठी सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस मिळतो, तर सिल्वासाच्या परिसरात त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. म्हणूनच इकडे साग आणि खैर यांची दाट राने दिसतात आणि तिकडे गवताचे माळ दिसतात. या फरकाकडे दुर्लक्ष करून ‘जेथे झाडी नाही तेथे काहीच नाही’ असे ठरविले गेले, आणि वेताळ टेकडीविषयीच्या पुढील बऱ्याच गैरसमजांचा उगम तेथेच झाला.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. प्रत्येक थर थिजला, झिजला आणि त्यावर पुढचा थर आला. अशा थरांच्या झिजेतून माथा सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे, अशी डोंगरांची ठेवण तयार झाली. या खडकाला भूशास्त्रात जे ‘ट्रॅप’ असे नाव आहे, तेही स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. वेताळ टेकडी ही अशीच एक झिजून उरलेली पायरी होय. तिचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असून जुन्या पुणे शहराच्या हद्दीतील ते सर्वांत उंच स्थान मानले जाते. चतु:शृंगी, हनुमान टेकडी, विधी महाविद्यालयाची टेकडी, भांबुर्ड्याचे वन अशी तिच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळी नावे असली, तरी तो एकच डोंगरगट आहे.

माथ्यावर माती थोडी, काही ठिकाणी तर वीतभरही नाही. पाऊस चार महिन्यांचा, नंतर आठ महिने कोरडे. अशा जागी उंच, दाट झाडीचे अरण्य स्वभावत: वाढत नाही. तेथे वाढते ते गवत, आणि गवतात मधूनमधून काटेरी झुडपे व खुरटी झाडे. घळीत आणि सावलीच्या उतारावर माती साठते, तेथे सालई, गणेर, मोई, पळस अशी पानझडी झाडे दिसतात. जून उजाडला की याच कातळावरील चिमूटभर मातीतून काळी मुसळी, कवळा, तेरडा अशा अल्पायुषी वनस्पती वर येतात आणि दिवाळीपर्यंत आपला संसार आटोपून बी-कंदांच्या रूपाने पुन्हा जमिनीत निजतात. गवत कार्तिकात सोनेरी होते आणि चैत्रात करडे. म्हणजे ही टेकडी वर्षातून तीन वेळा रंग बदलते. जो तिला केवळ एप्रिलमध्ये पाहील, त्याला ती उजाड वाटणारच.

या टेकडीचा पहिला धनी म्हणजे तिच्या माथ्यावरील वेताळ. वेताळ हा गावाच्या आतला देव नव्हे. गावची शीव, माळ, डोंगराची सोंड ही त्याची ठिकाणे. शेंदूर लावलेला दगड हेच बहुधा त्याचे रूप. भुताखेतांचा हा राजा रात्री आपल्या लवाजम्यासह फिरतो आणि गावाची राखण करतो, ही समजूत महाराष्ट्रात, कोकणात आणि गोमंतकात सर्वत्र आढळते. अथालच्या आसपासच्या वारली पाड्यांना वाघदेव जसा परका नाही, तसाच पुण्याच्या जुन्या खेड्यांना वेताळ परका नव्हता. असे देव जेथे बसतात ती जागा लोकांच्या दृष्टीने रिकामी नसते. तेथे कोणी राहत नाही, नांगर चालत नाही. पण तेथे कोणाची तरी सत्ता आहे, तिला विचारल्यावाचून काही करू नये, असा तो संकेत असतो. जमिनीच्या रक्षणाचा हा अलिखित कायदाच म्हणता येईल. टेकडीच्या ईशान्य उतारावरील चतु:शृंगीचे देवस्थानही अशाच भावनेशी जोडलेले आहे. वणीच्या सप्तशृंगीला दर वर्षी जाणाऱ्या एका भक्ताला वार्धक्यामुळे प्रवास झेपेना, तेव्हा देवीच त्याच्यासाठी येथे आली, अशी आख्यायिका आहे. नवरात्रात तेथे भरणारी यात्रा आजही टेकडीला शहराशी जोडते.

पेशवाईत पुण्याच्या टेकड्यांना राजकीय महत्त्व आले, ते मुख्यत: पर्वतीमुळे. शहराच्या दक्षिणेकडील ही टेकडी वेताळाच्या डोंगरापेक्षा बरीच ठेंगणी; परंतु नानासाहेब पेशव्यांनी तेथे देवदेवेश्वराचे मंदिर उभारले (१७४९), पायथ्याशी तळे बांधविले, आणि २३ जून १७६१ रोजी पानिपतच्या धक्क्याने खचलेल्या या पेशव्याने देहही तेथेच ठेवला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा दुसरे बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होते. त्याच काळात कात्रजच्या डोंगरातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आणले गेले. डोंगर हे पाण्याचे माहेर आहे, हे ज्ञान त्या काळच्या राज्यकर्त्यांना होते. वेताळाच्या डोंगराचा उपयोग मात्र साधा होता. घोडदळाच्या राज्याला गवत लागते. गवताची राखीव जमीन म्हणजे ‘कुरण’. हा शब्द मराठी कारभारात मानाचा होता, कारण कुरण राखले नाही तर पागा उपाशी राहते. ज्या जमिनीला पुढे ‘ओसाड’ म्हटले गेले, तशाच जमिनीला आधीची राजवट ‘कुरण’ म्हणत होती. जमीन तीच राहिली; बदलली ती गरज, आणि गरजेबरोबर शब्द बदलला.

‘ओसाड’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे पाहण्यासारखा आहे. गाव ओस पडते, वाडा ओस पडतो. माणसे होती आणि निघून गेली, अशा जागेला ओसाड म्हणावे. ज्या माथ्यावर कधी वस्ती नव्हती आणि नांगरही फिरला नव्हता, त्याला हा शब्द वास्तविक लागू पडत नाही. परंतु इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी सारावसुलीच्या दृष्टीने झाली. पीक देणारी ती लागवडीची. आणि जी सारा देत नाही ती पडीक. महसुली दप्तरातील हा निवाडा हळूहळू लोकांच्या बोलण्यात उतरला. माळ, माळरान, गायरान, कुरण, बरड या शब्दांतून जमिनीच्या जातीजातींचा जो बारकावा व्यक्त होत होता, तो ‘पडीक’ आणि ‘ओसाड’ या दोन शब्दांत बुडाला.

याच काळात दुसऱ्या बाजूने या भूमीची शास्त्रीय ओळखही सुरू झाली होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील आपला बृहद्ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. सरकारच्या लेखी जे पडीक होते, त्याच दख्खनी माळांवरील गवते आणि कंद या ग्रंथात नावानिशी नोंदले गेले. दप्तरातील शून्य आणि ग्रंथातील विपुलता, अशी ही विसंगती आहे. विसाव्या शतकात टेकडीच्या पायथ्याशी विज्ञानवर्धिनीची जी संस्था उभी राहिली आणि जिला पुढे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव मिळाले, तिने वनस्पतिसंशोधनाची ही परंपरा चालविली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे नदी ओलांडून पश्चिमेकडे सरकू लागले. गणेशखिंडीत गव्हर्नरांचे निवासस्थान बांधले गेले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे ते पुढे मुख्य भवन झाले. १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय हनुमान टेकडीच्या पायथ्याशी आले. याच महाविद्यालयामागील टेकडीवर १२ जून १९०५ रोजी सकाळी गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी यांनी देशसेवेची शपथ घेतली आणि भारत सेवक समाजाची स्थापना झाली. त्यांनी एखादे सभागृह निवडले नाही, उघडा माळ निवडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९२४ मध्ये विधी महाविद्यालय, १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी, १९६७ मध्ये बालभारती अशा संस्था टेकडीच्या कुशीत आणि पायथ्याशी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातील मुलांच्या हाती पडणारे मराठीचे पहिले पुस्तक जेथे सिद्ध होते, त्या बालभारतीच्या पाठीशी हीच टेकडी आहे.

या संस्थांच्या भिंतींना दगड लागला आणि शहराच्या रस्त्यांना खडी लागली. टेकडीने ती पुरविली. तिच्या अंगावर खाणी पडल्या. आज पावसाळ्यात ज्या तळ्याच्या काठी फिरायला येणारे क्षणभर विसावतात, ते तळे निसर्गाने घडविलेले नसून खाणीचा खड्डा आहे. तेथे सुरुंग लावणारी, घण घालणारी, पहार धरणारी माणसे कोण होती? टेकडीच्या पायथ्याच्या एका वस्तीचे नावच वडारवाडी आहे. पश्चिमेकडील जुन्या गावाचे नाव पाषाण आहे. शहराच्या इतिहासात वास्तू बांधविणाऱ्यांची नावे येतात. ज्यांनी टेकडी फोडून त्या वास्तूंना दगड दिला, त्यांची आठवण मात्र एका वस्तीच्या नावापुरती उरली आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने जुन्या पुण्याची दैना केली. बेघर झालेल्या हजारो कुटुंबांसाठी ज्या वसाहती वसविण्यात आल्या, त्यांपैकी एक टेकडीच्या पूर्व उतारालगतचे गोखलेनगर होय. नदीकाठ सोडून आलेल्या माणसांना उंच, मोकळी जागा टेकडीनेच दिली. तिकडे पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत वाढत गेली. टेकड्यांवरील घरांविषयी बोलताना ही बाजू विसरून चालणार नाही. उतारावर राहावे लागणे ही कोणाची हौस नव्हती. आणि या वस्त्यांतील स्त्रियांनी वर्षानुवर्षे टेकडीवरून सरपणाच्या मोळ्या आणल्या, शेरडे चारली, बोरे-करवंदे वेचली. त्यांच्या पायांनी पडलेल्या पायवाटांवरूनच नंतर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात टेकडीला ‘हिरवी’ करण्याचे प्रयत्न सुरू झाले. वनखात्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आणली, उतारावर समतल चर खणले आणि झाडे लावली. हेतू चांगला होता. उघड्या उतारावरून माती वाहून जात होती, तोडीने झुडपेही टिकत नव्हती. लवकर वाढणारे, शेळी तोंड लावणार नाही असे झाड हवे होते. त्यातून निवड झाली ती गिरिपुष्पाची. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. ते कातळावरही तग धरते, हवेतील नत्र जमिनीत आणते आणि माघ-फाल्गुनात गुलाबी फुलांनी बहरून जाते. पुण्याच्या टेकड्यांवर ते इतके पसरले की नव्या पिढीला तेच टेकडीचे मूळ झाड वाटू लागले.

या यशाची दुसरी बाजू अभ्यासकांच्या ध्यानात यावयास वेळ लागला. दाट गिरिपुष्पाखाली ऊन पोहोचत नाही, आणि उन्हाशिवाय माळाचे गवत जगत नाही. जेथे गवत नाही तेथे चंडोल आणि तित्तिर राहत नाहीत. चर खणताना माथ्यावरील पातळ मातीचा थर उलटापालटा होतो आणि त्यात निजलेले कंद नाहीसे होतात. झाडीमुळे काही पक्ष्यांना आसरा मिळाला, मोर वाढले, उन्हाळ्याच्या अखेरीस नवरंगासारखा पाहुणा दिसू लागला, हे खरेच आहे. म्हणजे एक भूमी गेली आणि दुसरी आली. कुऱ्हाडीने जे पुरते नाहीसे झाले नव्हते, त्यातील काही फावड्याने नाहीसे केले, आणि तेही प्रेमाने. ‘ओसाड’ या शब्दाचा सर्वांत सूक्ष्म परिणाम कोणता असेल, तर तो हा. टेकडीचा लोभ धरणाऱ्याने ती फोडली, आणि टेकडीवर माया करणाऱ्यानेही ती जशी आहे तशी नको म्हटले.

संरक्षणाचा कायदेशीर इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. वेताळ टेकडी एका मालकाची नाही. काही भाग वनखात्याकडे, काही शिक्षणसंस्थांकडे, काही इतरांच्या ताब्यात. त्यामुळे तिचे रक्षण एका हुकमाने होणारे नव्हते. १९८७ मध्ये मंजूर झालेल्या पुण्याच्या विकास आराखड्यात टेकडीमाथा आणि टेकडीउतार असा स्वतंत्र विभाग मानून तेथील बांधकामावर कडक मर्यादा घालण्यात आली. पाच फुटांच्या अंतरात एक फूट चढ, त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम पुण्याच्या टेकड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. पुढे १९९७ मध्ये आसपासची २३ गावे महापालिकेत आली. त्या गावांमधील टेकड्यांसाठी ‘जैवविविधता उद्यान’ असे आरक्षण सुचविण्यात आले. सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्राचा हा प्रश्न होता. जमीनमालकांना मोबदला किती, बांधकामास किंचित तरी परवानगी द्यावी की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने ते आरक्षण मान्य केले. या आरक्षणाच्या नावात ‘ओसाड’ किंवा ‘पडीक’ हा शब्द नाही, ‘जैवविविधता’ हा शब्द आहे. शासकीय भाषेत टेकडीला प्रथमच असे नाव मिळाले, ज्यात तिच्यावर काही आहे अशी कबुली होती.

तरीही प्रश्न मिटला नाही. कोथरूडकडून सेनापती बापट रस्त्याकडे जाणारी वाहने विधी महाविद्यालय रस्त्यावर कोंडतात, म्हणून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता टेकडीच्या अंगावरून काढावा आणि तिच्या पोटातून बोगदेही न्यावेत, असे प्रस्ताव पुढे आले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, या कातळाच्या भेगांतून मुरणारे पाणी पायथ्याच्या विहिरी आणि कूपनलिका जिवंत ठेवते, आणि एकदा टेकडी कापली की ती सांधता येत नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी हजारो नागरिकांनी टेकडीच्या रक्षणासाठी मोर्चा काढला. त्यात म्हातारी माणसे होती, विद्यार्थी होते, कडेवर मुले घेतलेल्या आया होत्या. वाहतुकीची अडचण खोटी नाही. रोज तासभर धुरात उभा राहणारा माणूसही या शहराचाच आहे. परंतु कोणत्याही रस्त्याचा विचार करताना टेकडी ही ‘मोकळी जागा’ समजून आरंभ केला, तर निष्कर्ष आधीच ठरून जातो. जेथे काही नाही, तेथून रस्ता काढायला हरकत कोण घेणार? वादाचे मूळ वाहतुकीच्या आकड्यांइतकेच या गृहीतात आहे.

आता साहित्याच्या अभ्यासकाला विशेष समाधान वाटावे अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातील हे माळ म्हणजे मुळात दाट अरण्ये होती आणि माणसाने ती तोडून उजाड केली, असा समज फार काळ रूढ होता. समज खरा असेल तर झाडे लावणे म्हणजे केवळ जुने ऋण फेडणे ठरते. पण पुरावा कोठून आणावयाचा? शंभर-दीडशे वर्षांमागची शास्त्रीय नोंद विरळ. अभ्यासकांनी मराठी वाङ्मयाकडे वळून पाहिले. तेराव्या शतकापासूनच्या कथा, काव्ये, लोकगीते आणि स्थळांची आख्याने यांत रानटी झाडाझुडपांचे जे उल्लेख आले आहेत, ते त्यांनी स्थळांसह वेचले. २०२५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात ४४ रानटी वनस्पती ओळखता आल्या आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश माळरानाच्या व विरळ झाडीच्या प्रदेशातील निघाल्या. निष्कर्ष असा की, हे गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे तरी असेच आहेत. इंग्रजांच्या काळातील जंगलतोडीने ते जन्माला आलेले नाहीत.

या निष्कर्षाचा विपर्यास होऊ नये. प्रत्येक उघडा उतार अनादी माळच आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. पुण्याजवळच्या टेकड्यांवर तोड झाली, चराई झाली, वणवे लागले, खाणी पडल्या. घळींतील झाडी विरळ झाली, हेही खरे आहे. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत आणि छायाचित्रांत पर्वतीचा उतार उघडा दिसतो, तो कितीसा निसर्गाने उघडा ठेवला आणि कितीसा सरपणाने, हे जागोजागी तपासूनच सांगावे लागेल. महत्त्वाची गोष्ट ही की, तपासण्याची गरज आहे. माळ हा अरण्याचा अभाव नसून स्वतंत्र भूप्रकार आहे, हे मान्य केले तरच टेकडीचे कोणते अंग गवताचे ठेवावे, कोठे सालई-पळसाला जागा द्यावी आणि कोठे गिरिपुष्प हळूहळू मागे घ्यावे, याचा विचार करता येतो. संरक्षण म्हणजे कुंपण घालून मोकळे होणे नव्हे. आपण काय राखीत आहोत याचे ज्ञान हा त्याचा अर्धा भाग आहे.

आणि हे ज्ञान मिळाले ते जुन्या मराठी पोथ्या, ओव्या आणि आख्याने कोणीतरी जपून ठेवली म्हणून. ज्यांनी ती जपली, त्यांच्या डोक्यात गवताचा इतिहास नव्हता. कोणी भक्तीने जपली, कोणी वाङ्मयप्रेमाने, आणि पुष्कळ वेळा एखाद्या गावच्या ग्रंथालयाच्या कपाटात ती नुसती पडून राहिली म्हणून वाचली. ती ज्या कपाटांत राहिली, त्यांनाही कोणी ‘अडगळ’ म्हटले असेल. अडगळ आणि ओसाड या दोन शब्दांचे नाते फार जवळचे आहे. उपयोग दिसत नाही, एवढ्यावरून वस्तू निरुपयोगी ठरविणे, ही दोन्हींमागील वृत्ती एकच.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने वाचकांसमोर एक छोटेसे काम ठेवावेसे वाटण्याजोगे आहे. प्रत्येक गावाला एखादा माळ असतो, टेकाड असते, ओढ्याकाठची पडीक पट्टी असते. दादरा व नगर हवेलीत वनांचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. त्याच्या जोडीला कारखाने आणि वसाहतीही झपाट्याने वाढल्या आहेत. अशा प्रदेशात कोणती जमीन ‘रिकामी’ आहे, हा प्रश्न रोजच कोठे ना कोठे विचारला जातो. उत्तर देण्याआधी त्या जागेची जुनी नावे विचारावीत. वारली, कोकणा, धोडिया वडीलधाऱ्यांना तेथील गवत, कंद, झाड, पाणवठा आणि देव ठाऊक असतो. मराठी आणि गुजराती दप्तरांत तिचा उल्लेख असू शकतो. एखाद्या तरुण वाचकाने वहीत अशी शंभर नावे, सांगणाऱ्याचे गाव आणि ऋतू यांसह लिहून ग्रंथालयात ठेवली, तर ती वही कोणत्याही छापील ग्रंथाइतकी मोलाची होईल. ती लगेच कोणाच्या कामी येईल असे नाही. पुण्याच्या माळांविषयी तेराव्या शतकात जे लिहिले गेले, त्याचा असा उपयोग कळण्यास साडेसात शतके लागली.

वेताळ टेकडीवर आजही पहाटे माणसे चढतात. माथ्यावरच्या वेताळाला हात जोडतात, खाणीच्या तळ्याकाठी थांबतात आणि सूर्य वर आला की आपापल्या कामाला उतरतात. त्यांच्यापैकी अनेकांना टेकडीचे रक्षण हवे आहे, यात शंका नाही. पायाखालच्या करड्या गवताचे नावही त्यांना हवेसे वाटू लागेल, तेव्हा हे रक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे म्हणता येईल.